प्रमाण मनुष्य कोण?

आपल्याकडे दोन माणसें भेटलीं म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो "प्रकृति कशी आहे?" हा. या प्रश्नाचें उत्तर ज्याचें त्यानेंच द्यावें असा आजवरचा रिवाज. अन्न गोड लागतें, झोप शांत येते, हातून काम उरकतें, इतकें सांगतां आलें कीं प्रकृति ठीक. अलीकडे मात्र हें उत्तर देण्याचा अधिकार हळूहळू दुसऱ्याच्या हातीं जात चालला आहे. उत्तर आतां कागदावर छापून येतें. डाव्या बाजूस तपासणीचें नांव, मध्यें आपला आंकडा, आणि उजवीकडे तो किती असावा याची मर्यादा. मधला आंकडा या मर्यादेच्या कुंपणाबाहेर पडला तर तो ठळक अक्षरांत छापतात. आणि तेवढ्या शाईनें चांगला हिंडता-फिरता मनुष्य एका रात्रींत रोगी होतो.

अशी एक रात्र मीं गेल्या दिवाळींत जवळून पाहिली. माझे एक मामेभाऊ इंदापूर तालुक्यांत नीरेच्या कालव्यावर ऊस करतात. वय पन्नाशीच्या आंत, अंगानें सडपातळ, आजाराचें नांव ठाऊक नाहीं. विम्याच्या निमित्तानें त्यांनीं व वहिनींनीं रक्त तपासून घेतलें. दादांच्या कागदावर 'एस. जी. पी. टी.' या यकृताच्या तपासणीपुढें ५२ हा आंकडा ठळक छापलेला होता. शेजारीं मर्यादा, ४० पर्यंत. वहिनींचा आंकडा ३४. तो साध्या अक्षरांत असल्यामुळें त्यांचा कागद कोणीं दुसऱ्यांदा हातांत घेतला नाहीं. रात्रभर घरांत बोलणें झालें तें दादांविषयीं. सकाळीं अंगणांत चहा घेतांना ते मला म्हणाले, "अरे, हें चाळीस कोणाचें? कोणाचें रक्त पाहून ठरवलें तें? आपल्याकडचा कोणी होता का त्यांत?"

प्रश्न वरवर भोळा दिसतो. पण निरोगी कोणाला म्हणावें, आणि तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा जुना प्रश्न त्याच्या पोटांत दडलेला आहे. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करूं.

प्रथम हा आंकडा म्हणजे काय तें पाहूं. यकृताच्या पेशींत कांहीं विकरें असतात. पेशींना इजा झाली कीं तीं बाहेर झिरपून रक्तांत उतरतात. १९५४ व १९५५ या सालीं न्यू यॉर्क येथें कारमेन, रोब्लेव्स्की व लाड्यू या संशोधकांनीं तीं रक्तांत मोजण्याचा मार्ग घालून दिला, आणि पुढें ही तपासणी जगभर रूढ झाली. मर्यादा काढण्याची रीतहि समजण्यास कठीण नाहीं. निरोगी म्हणून निवडलेलीं निदान १२० माणसें घ्यावयाचीं, त्यांचे आंकडे चढत्या क्रमानें मांडावयाचे, आणि खालून शेंकडा अडीच व वरून शेंकडा अडीच सोडून मधल्या पंचाण्णवांना कुंपण घालावयाचें. म्हणजे ज्यांना निरोगी समजून आपण कुंपण घातलें, त्यांपैकींच शेंकडा पांच जण कुंपणाबाहेर राहतात. आणि हें चुकून होत नाहीं, व्याख्येनेंच होतें. एकाच कागदावर परस्परांशीं संबंध नसलेल्या बारा तपासण्या असतील, तर शंभर निरोगी माणसांपैकीं सुमारें शेचाळीस जणांचा कोणता ना कोणता आंकडा ठळक छापला जाईल. ही गोष्ट ओळखूनच १९६९ सालीं ग्रेसबेक व सारिस या फिन्लंडमधील शास्त्रज्ञांनीं 'स्वाभाविक आंकडे' हा शब्द सोडून 'संदर्भाचे आंकडे' असा शब्द सुचविला. 'स्वाभाविक' म्हटलें कीं उरलेले अस्वाभाविक ठरतात, 'संदर्भ' म्हटलें कीं "कोणाच्या संदर्भानें?" असें विचारण्यास वाव राहतो. दादांनीं नेमकें तेंच विचारलें होतें.

त्यांच्या प्रश्नाच्या मागें जो अभिमान होता, त्याला आधार नाहीं असें नाहीं. सर्व मनुष्यांचीं शरीरें एका सांच्यांत ओतलेलीं नसतात. वाढत्या वयाच्या मुलांच्या रक्तांत अल्कलाइन फॉस्फटेज हें विकर प्रौढांपेक्षां पुष्कळ अधिक असतें, कारण तें वाढत्या हाडांतूनहि येतें. गर्भवती स्त्रीच्या रक्तांत तें वाढतें, कारण वार तें निर्माण करते. दोन्ही ठिकाणीं यकृत बिचारें निर्दोष. दिवसभर कोयता चालविणाऱ्याच्या स्नायूंतूनहि एस. जी. ओ. टी. आणि थोडें एस. जी. पी. टी. रक्तांत उतरूं शकतें. कांहीं माणसांत जन्मतःच बिलिरुबिन थोडें अधिक असतें व उपवासानें तें आणखी चढतें. गिल्बर्ट या फ्रेंच वैद्यानें १९०१ सालीं वर्णिलेली ही स्थिति निरुपद्रवी आहे. पण अशा मनुष्याचें रक्त एकादशीच्या उपवासानंतर घेतलें, तर कागदावर काविळीची शंका उभी राहील.

परक्या मापानें मोजल्यामुळें प्रत्यक्ष अन्याय झाल्याचीं उदाहरणेंहि आहेत. पूर्व व दक्षिण आफ्रिकेंतील निरोगी प्रौढांच्या रक्ताचे आंकडे २००९ सालीं प्रसिद्ध झाले, तेव्हां असें दिसून आलें कीं अमेरिकेंतील कोष्टक लावलें असतां त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश माणसें औषधांच्या प्रयोगास अपात्र ठरलीं असतीं. ज्या देशांना औषधाची गरज सर्वांत अधिक, त्यांचींच माणसें औषधाच्या परीक्षेंतून वगळलीं जावयाचीं! आपल्याकडे क्षयाचें उदाहरण घ्यावें. क्षयाचीं मुख्य औषधें यकृताला बाधूं शकतात. लक्षणें नसतां एस. जी. पी. टी. मर्यादेच्या पांचपटीवर गेलें, किंवा लक्षणें असतां तिपटीवर गेलें, तर औषध थांबवावें असा दंडक आहे. मर्यादा ४० मानली तर पांचपट २०० होते. ३० मानली तर १५०. म्हणजे मूळ रेघ दहांनीं हलली कीं औषध थांबविण्याची वेळ पन्नासांनीं हलते. क्षयाच्या रोग्याचें औषध विनाकारण थांबविणें आणि यकृत बिघडत असतां तें चालूं ठेवणें, या दोन्ही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. तेव्हां रेघ कोठें ओढावी हा नुसता गणिताचा प्रश्न नव्हे.

मग बारामती व इंदापूर येथील माणसांचें रक्त घेऊन येथील रेघ येथेंच ओढावी, हें उत्तर सोपें वाटतें. तालुक्याच्या गांवींहि तें अगदींच अशक्य नाहीं. यंत्राबरोबर आलेली मर्यादा आपल्या लोकांना लागू पडते कीं नाहीं, हें पाहण्यास वीस निरोगी माणसांचें रक्त पुरतें. त्यांपैकीं दोनांहून अधिक जण कुंपणाबाहेर पडले, तर कुंपण पुन्हां तपासावें असा प्रयोगशाळांचा मान्य नियम आहे. आणि बारामतींत तर २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयच आहे. एकेकाळीं आपल्याकडे बाजारा-बाजाराची पायली वेगळी असे. तशी तालुक्या-तालुक्याची मर्यादा वेगळी असली तर बिघडलें कोठें?

येथेंच विचार करणाऱ्याची खरी कसोटी लागते. पायली वेगळी असली तरी धान्य तेंच राहतें. बदलते ती फक्त मोजणी. परंतु जेथें धान्यालाच कीड लागली आहे, तेथें किडक्या धान्याचाच नमुना पुढें ठेवून "आमच्याकडचें धान्य असेंच असतें" असें म्हणणें ही स्वाभिमानाची गोष्ट नव्हे, फसवणुकीची होय. आणि फसणारेहि आपणच.

या भागाचा इतिहास या बाबतींत पुष्कळ शिकविणारा आहे. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं. त्या वेळीं व्याजाचा जो दर चालूं होता तो सर्वत्र चालूं होता. सरासरी काढली असती तर तोच 'स्वाभाविक' दर ठरला असता. पण जें चालूं आहे तें योग्य आहे, असें त्या शेतकऱ्यांनीं मानलें नाहीं. पुढच्याच वर्षीं, १८७६ सालीं, दख्खनवर मोठा दुष्काळ आला. त्या दुष्काळांत एखाद्या काटेकोर डॉक्टरानें या मुलखांतील १२० माणसांचें वजन घेऊन स्थानिक मनुष्याचें स्वाभाविक वजन ठरविलें असतें, तर त्याच्या गणितांत एकहि चूक सांपडली नसती. आणि तरीहि त्यानें भुकेलाच आरोग्याचें प्रमाणपत्र दिलें असतें. प्रचलित आणि उचित या दोन शब्दांतील अंतर आंकड्यांना दिसत नाहीं. तें मनुष्यालाच पाहावें लागतें.

आज या भागांत दुष्काळाची भूक नाहीं; दुसरेंच कांहीं आहे. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला, कोरडवाहू ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला, आणि विसाव्या शतकांत माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, वालचंदनगर येथें साखरेचे कारखाने झाले. पाण्यानें घरांत पैसा आणला, शाळा आणल्या, हें निर्विवाद. पण पायीं चालणारा गाडीवर बसला, बाजरीच्या ताटांत मैदा आला, आणि चहांतली साखर कोणी मोजीनासें झालें. आणि आपल्या शरीराची ठेवण अशी कीं चरबी बाहेर न दिसतां आंत सांठते. पुणें येथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास केला. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचें नवजात बालक सरासरी ३.५ किलोचें, तर आपल्या खेड्यांतलें सुमारें २.७ किलोचें, परंतु हें बालक स्नायूंनीं व अवयवांनीं जितकें लहान, तितकें चरबीनें लहान नव्हतें. २००४ सालीं याच डॉक्टरांनीं आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर स्वतःचेंच उदाहरण प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, पण शरीरांतील चरबी इंग्रज डॉक्टरांची शेंकडा ९.१, आणि आपल्या डॉक्टरांची शेंकडा २१.२. बंगालमधील बीरभूम जिल्ह्यांतल्या खेड्यांच्या पाहणींत, २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार, ज्यांच्या यकृतावर चरबी आढळली त्यांपैकीं सुमारें तीनचतुर्थांश माणसांचा निर्देशांक २५ च्या आंतच होता. अशा मुलखांत केवळ "मला कांहीं होत नाहीं" म्हणणाऱ्यांना निरोगी धरून रेघ काढली, तर ती वर चढेल. दादांचे ५२ साध्या अक्षरांत छापले जातील, घरांत शांत झोप लागेल, आणि यकृत आपलें काम बिनबोभाट बिघडवीत राहील.

इटलींत हेंच उलट दिशेनें घडलें. मिलान येथील डॉ. प्राती व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रक्तदात्यांचा पुन्हां विचार केला. पूर्वीं ज्या माणसांवरून मर्यादा ठरली, त्यांत छुपी कावीळ व यकृतावरील चरबी असलेले पुष्कळ असावेत, असा त्यांचा तर्क. ६,८३५ दात्यांपैकीं ज्यांच्या वजनावरून, रक्तांतील साखर व चरबी यांवरून आणि औषधांच्या माहितीवरून यकृताला धोका दिसत नव्हता, तेवढेच निवडले. आणि २००२ सालीं त्यांनीं मर्यादा सांगितली ती पुरुषांस ३० आणि स्त्रियांस १९. माणसें तींच, देश तोच. परंतु 'निरोगी' या शब्दाचा अर्थ काटेकोर करतांच रेघ खालीं आली.

पण येथें एक तार्किक पेंच आहे. निरोगी मनुष्य ओळखण्यासाठीं रेघ हवी, आणि रेघ ओढण्यासाठीं निरोगी मनुष्य हवा. बेल्जममधील केतले या ज्योतिर्विदानें १८३५ सालीं 'सरासरी मनुष्य' कल्पून त्यालाच आदर्श मानलें, आणि हा पेंच सुटल्यासारखा वाटला. फ्रान्समधील कांगिलेम या तत्त्वज्ञ वैद्यानें १९४३ सालच्या आपल्या प्रबंधांत त्याचें खंडन केलें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं आरोग्य म्हणजे सरासरीशीं जुळणें नव्हे. बदललेल्या परिस्थितींत नवा नियम घालून जगतां येण्याची ताकद म्हणजे आरोग्य. आपला जुना शब्दहि तेंच सुचवितो. 'स्वस्थ' म्हणजे जो स्वतःच्या ठायीं स्थित आहे तो. सुश्रुतानें स्वस्थाचें लक्षण सांगतांना दोष, अग्नि, धातु यांच्या समतेबरोबर आत्मा, इंद्रियें व मन यांची प्रसन्नताहि घातली आहे. बारामती ही मोरोपंतांची. आर्येच्या मात्रा बरोबर भरल्या म्हणजे काव्य झालें असें तेथें तरी कोणी म्हणणार नाहीं; तसेंच मात्रा चुकल्या तरी चालतें, असेंहि नाहीं.

हा पेंच सोडविणारा एक प्रामाणिक मार्ग आहे, तो काळाचा. दक्षिण कोरियांत १,४२,०५५ माणसें आठ वर्षें नजरेखालीं ठेवलीं. २००४ सालीं जो निष्कर्ष निघाला तो असा कीं, ज्यांचा आंकडा प्रचलित मर्यादेच्या आंत पण वरच्या भागांत होता, त्यांच्यांतहि यकृताच्या विकारानें येणारें मरण खालच्या आंकड्यांच्या माणसांपेक्षां अधिक होतें. म्हणजे "आज किती जणांचा असा आहे?" हें विचारण्याऐवजीं "असा असणाऱ्याचें पुढें काय होतें?" हें विचारावें. पहिला प्रश्न शिरगणतीचा, दुसरा हिताचा.

तरीसुद्धां रेघ शेवटीं कोणी तरी ओढावीच लागते, आणि तिच्या दोन्ही बाजूंस माणसें असतात. रेघ खालीं ओढली तर निरोगी माणसाला विनाकारण भय, खर्च, कदाचित् नोकरी किंवा विमा यांना मुकणें. वर ओढली तर रोग्याला खोटा दिलासा. यांपैकीं कोणतें दुःख अधिक, हें कोणतेंहि यंत्र सांगत नाहीं. २०२१ सालीं भारतीय संशोधकांनीं आपल्या निरोगी मुलांच्या रक्तांतील हिमोग्लोबिन मोजून जागतिक आरोग्य संघटनेच्या रेघेपेक्षां खालची रेघ सुचविली. तेव्हांहि हाच वाद निघाला: आपल्या मुलांचें शरीरच वेगळें, कीं पिढ्यान्पिढ्या पोटभर सकस अन्न न मिळाल्याची ही खूण? जो कोणी स्थानिक रेघ ओढूं पाहील, त्यानें हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पेन उचलूं नये.

माझें मत असें कीं, येथें पाहणी अवश्य व्हावी. पण तिनें दोन आंकडे वेगवेगळे सांगावेत: येथें काय आढळतें, आणि येथील माणसाला काय हितावह आहे. पहिल्यासाठीं बागाईत गांवें घ्यावींत तशीं जिराईतहि घ्यावींत. पुरुष घ्यावेत तशाच स्त्रियाहि, आणि दोघांच्या रेघा निराळ्या असाव्यात. आणि बीड-नगरकडून येऊन अर्धें वर्ष याच उसाच्या फडांत राहणारे तोडणी कामगार 'स्थानिक' धरावयाचे कीं नाहींत, हें आधीं ठरवावें. ज्यांच्या घामावर हा मुलूख चालतो ते त्याच्या सरासरींत बसत नसतील, तर ती सरासरी कोणाची? दुसऱ्या आंकड्यासाठीं पोटाची सोनोग्राफी, काविळीच्या तपासण्या, दारू व औषधें यांची चौकशी, आणि पुढें पुष्कळ वर्षांची देखरेख हवी. सर्वांत महत्त्वाचें असें कीं, निरोगी निवडतांना जे वगळले जातील त्यांना नुसतें घरीं पाठवूं नये. संशोधकाच्या दृष्टीनें तो मनुष्य निरुपयोगी नमुना असेल. वैद्याच्या दृष्टीनें तोच त्या दिवशीं भेटलेला सर्वांत महत्त्वाचा मनुष्य होय. रेघ मिळाली आणि माणूस हातचा गेला, तर ती विद्या कितीहि अचूक असो, तिला वैद्यक म्हणवत नाहीं.

दादांची हकीकत अपुरी ठेवणें बरें नव्हे. मीं त्यांना सांगितलें कीं चाळीस आपल्याकडचें नाहीं हें खरें. पण तेवढ्यानें तुमचे बावन्न खोटे ठरत नाहींत. आणि ते डॉक्टरांकडे निघाले तेव्हां वहिनींचाहि कागद बरोबर घ्यावयास लावला. डॉक्टरांनीं दोघांचीहि सोनोग्राफी केली. दादांच्या यकृतावर थोडी चरबी निघाली. वहिनींच्या यकृतावर त्याहून अधिक. ३४ हा आंकडा चाळिसांच्या आंत होता, म्हणून त्या दिवाळींत सर्वांची काळजी करीत त्या एकट्या चुलीपाशीं होत्या, आणि त्यांची काळजी करण्याचें कोणाला सुचलें नाहीं.

त्या दिवसापासून दोघेंहि संध्याकाळीं कालव्याच्या कडेनें चालावयास जातात. परवां गेलों तेव्हां वहिनींना विचारलें, "प्रकृति कशी आहे?" त्या हंसून म्हणाल्या, "मला तर बरी वाटते. कागद काय म्हणतो तें पुढच्या महिन्यांत कळेल." दोन्ही उत्तरें त्यांनीं जवळ ठेवलीं होतीं. मला वाटतें, आपणहि दोन्ही ठेवावींत.